चुकीच्या सालाचा शिक्का

मित्रांनो, आज तारीख किती हे मला विचारू नका. मी तारखेचा एक जुना शिक्का आहे आणि माझ्या लेखी अजून २०२१ सालच चालू आहे.

तुम्ही म्हणाल, बिघडला असेल बिचारा. मुळीच नाही. माझी लाकडी मूठ शाबूत आहे, पितळी चौकट शाबूत आहे, आणि पोटातले रबरी पट्टेही अजून सुरळीत फिरतात. चाक फिरवलं की पट्टा सरकतो आणि तारीख बदलते. दिवस पुन्हा पुन्हा येतात, महिने पुन्हा पुन्हा येतात, पण सालाच्या पट्ट्यावर बाराच सालं मावतात. नाशिकच्या मेन रोडवर ज्या दुकानात माझा जन्म झाला, तिथल्या शिक्केवाल्याने मला २०१० ते २०२१ एवढं आयुष्य दिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊन जा, बारा वर्षं बघायला नको." बारा वर्षांनी नाशिकला पुन्हा कुंभमेळा मिळतो. शिक्क्याला पुन्हा काही मिळत नाही.

मला एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. विद्यापीठाचं नाव माझ्या तोंडावर उलटं कोरलेलं आहे, पण ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की खुलासा मागवतात, आणि खुलाशावर पुन्हा शिक्का मारावा लागतो.

माझी जागा देवघेवीच्या टेबलावर होती. टेबलामागे सहादूमामा बसायचे. ते ग्रंथालयाचे शिपाई, पण पुस्तक कधी परत करायचं ते त्यांच्या हातात, म्हणजे माझ्या तोंडात. ते मला आधी शाईच्या पॅडवर टेकवत आणि मग पुस्तकातल्या चिठ्ठीवर दाणकन आपटत. आपटायची गरज नव्हती. पण हळू मारलेल्या शिक्क्याला वजन नसतं, असं त्यांचं मत होतं.

"मामा, दोन दिवस पुढची तारीख मारा ना," मुलं गळ घालायची.

"का? लग्नाची तारीख आहे का, पुढंमागं करायला?" मामा म्हणायचे आणि दाणकन मला आपटायचे.

ते माझे वैभवाचे दिवस होते. माझ्यावर कोणी शंका घेत नसे. मी म्हणेन तो दिवस. प्राध्यापकसुद्धा मला मान देत. अर्थात पुस्तकं ते वेळेवर परत करत नसत, ती गोष्ट वेगळी.

मग ते आजाराचं संकट आलं आणि ग्रंथालयाला कुलूप लागलं. माझ्या आयुष्यातली शेवटची दोन सालं, २०२० आणि २०२१, त्या कुलपाआड गेली. ती जवळजवळ कोरीच राहिली. दार उघडलं तेव्हा टेबलावर लाल डोळ्याचं एक यंत्र बसलेलं होतं. ते पुस्तकाच्या पाठीवरच्या काळ्या रेघांकडे बघून 'टीं' करायचं. मामांनी माझं सालाचं चाक एकदा पुढे रेटून पाहिलं. २०२१ नंतर पट्टा संपला होता. "गेला हा," ते म्हणाले आणि मला खणात ठेवलं. खणात एक वाळलेला पॅड होता, टोपण हरवलेली पेनं होती आणि कशाची आहे हे कोणालाच ठाऊक नसलेली एक किल्ली होती. निवृत्त मंडळींचा आमचा संघ बरा जमला होता. बोलण्यासारखं मात्र कोणाकडेच काही उरलं नव्हतं.

मला खणातून बाहेर काढलं ते सुमन मॅडमनी. त्या आमच्या ग्रंथपाल. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. त्या दिवशी ग्रंथालय ओस पडलं होतं, कारण विद्यापीठाला आठ दिवस सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप मुलांच्या मोबाइलवर फिरत होता. सुट्टी कोणीच जाहीर केली नव्हती. निम्मी मुलं गावी पोचलीसुद्धा होती.

"काय करावं हो मामा यांचं?" मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, निरोपासोबत आलेल्या कागदावर शिक्का होता म्हणतात," मामा म्हणाले. "शिक्का असला की माणूस पुढचं वाचत नाही."

मॅडमनी खण उघडला, नवा पॅड आणवला आणि एका कागदावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'ग्रंथालयात प्रवेश करताना पादत्राणे बाहेर काढावीत. आदेशावरून.' खाली मला उमटवलं. साल अर्थातच २०२१.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद दारावर लागला आणि दुपारपर्यंत दाराबाहेर देवळासारखा चपलांचा ढीग झाला. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख बूट काढून आत आले. त्यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता, तो त्यांनी डाव्या पायाखाली झाकला. एका मुलाने तर सुमन मॅडमनाच सुनावलं, "मॅडम, तुम्हीच चपला घालून? बाहेर सूचना आहे."

तो मालेगावचा योगेश. दुपारी मॅडमनी सगळ्यांना वाचनकक्षात बसवलं आणि आधी त्यालाच विचारलं, "चपला का काढल्यास?"

"सूचना होती."

"कोणाची?"

"आदेशावरून."

"कोणाच्या आदेशावरून?"

योगेश छताकडे बघू लागला. "मॅडम, शिक्का होता ना!"

"होता. साल वाचलंस?"

"शिक्क्यावरचं साल कोण वाचतं, मॅडम?"

मुलं हसली. मग एकेक जण उठून दाराशी गेला, कागद वाचून आला आणि मुकाट्याने चपला घालून बसला. मीही ओशाळलो. बारा वर्षं मला वाटत होतं की लोक माझं ऐकतात, कारण मी खरं बोलतो. ते नुसतेच ऐकत होते.

त्या दिवसापासून दर शुक्रवारी मॅडमचा तास सुरू झाला. मोबाइलवर आलेलं काहीही मुलांनी घेऊन यायचं आणि सगळ्यांनी मिळून ते सोलायचं. हे कोण म्हणतंय? कधी म्हणालं? आणखी कोणी म्हणतंय का, की सगळे एकाचंच उचलून म्हणताहेत? फोटो आला तर तोच इंटरनेटवर टाकून उलटा शोध घ्यायचा, म्हणजे तो पहिल्यांदा कुठे दिसला ते कळतं. नेट नसेल तर डोळे वापरायचे. सावली बघा, अंगावरचे कपडे बघा, मागच्या दुकानाची पाटी कुठल्या लिपीत आहे ते बघा.

"आणि एक," मॅडम दर वेळी शेवटी सांगायच्या, "ज्याने पाठवलं त्याला मूर्ख म्हणायचं नाही. खोटारडा तर नाहीच नाही. बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला हसलात की तो ते आणखी दहा जणांना पाठवतो."

ज्याने त्या आठवड्यात सगळ्यात चांगली शंका काढली, त्याला बक्षीस म्हणून मी मिळत असे. पॅडसकट. आठवडाभर घरी न्यायचं आणि पुढच्या शुक्रवारी परत आणायचं. बारा वर्षं टेबल न सोडलेला मी असा म्हातारपणी गावोगाव हिंडू लागलो. वसतिगृहात माझा छाप गालांवर, उशांवर आणि एकदा पोळीवरसुद्धा उमटला.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी मी तेजलला मिळालो. तेजल पहिल्या वर्षाची, बोलायला लाजणारी मुलगी. त्या दिवशी एक निरोप चर्चेला होता, खोलीत कांदा कापून ठेवला की घरातल्या कोणाला ताप येत नाही. कोणी मोठमोठ्या वेबसाइट धुंडाळत होतं. तेजलने हळूच हात वर केला.

"मॅडम, माझी आई विंचूरला कांद्याच्या शेडमध्ये निवडायला जाते. दिवसभर ती कांद्यातच बसलेली असते. तिला दर पावसाळ्यात ताप येतो."

मॅडमनी मला उचलून तिच्या हातात दिलं. हा काही पक्का पुरावा नव्हे, हेही त्यांनी सांगितलं, पण शंका अशी आपल्या घरातून सुरू झाली पाहिजे, असं त्या म्हणाल्या.

शनिवारी तेजल मला घेऊन एसटीने घरी निघाली. गावाचं नाव सांगत नाही. तिला तिथेच राहायचं आहे. विंचूरच्या पलीकडे फाट्यावर उतरायचं आणि पुढे चालत जायचं. फाट्यावर गोरक्षकाकांचं चहाचं हॉटेल आहे. एरवी तिथे दुपारी माश्यांखेरीज गिऱ्हाईक नसतं. त्या दिवशी हॉटेलसमोर गर्दी होती.

मी पिशवीत होतो, पण पिशवीची चेन तुटलेली असल्याने मला दिसत होतं. गर्दीच्या मध्ये लिंबाच्या झाडाला पाठ लावून एक म्हातारी उभी होती. काटक, काळी, हिरवं लुगडं, अनवाणी. तिच्यापासून दोन हातांवर तीनेक वर्षांचं एक पोर रडत होतं, आणि त्याचा दंड गोरक्षकाकांनी धरला होता. म्हातारी पोराकडे झेपावली की दोन तरणी पोरं तिला मागे रेटत होती. ती काहीतरी सांगत होती, पण तिची बोली डोंगराकडची, सुरगाण्याच्या बाजूची. कांद्याच्या मुलखात ती कोणाला समजत नव्हती. एकाने उसाचं दांडकं घेतलं होतं. तिघे-चौघे मोबाइल वर धरून शूटिंग करत होते.

"काय झालं काका?" तेजलने विचारलं.

"पोरं पळवणारी टोळी हाय," गोरक्षकाका म्हणाले. ते वाईट माणूस नव्हेत. तेजलला लहानपणी त्यांनी कितीदा फुकट बिस्किटं दिली होती. पण त्या वेळी त्यांचा आवाज वेगळाच होता. "सकाळीच ग्रुपवर आलं. म्हाताऱ्या बायका पाठवत्यात पुढं. हिला इचारलं पोर कोणाचं, तर नीट सांगता येईना. आता बोलती करतो हिला."

तेजलने आधी बाजूला होऊन पोलिसांना फोन लावला. येतो म्हणाले, पण यायला वेळ लागणारच होता. मग ती म्हातारीजवळ गेली आणि तिच्या त्या पाण्यासारख्या वाहणाऱ्या बोलण्यातून एक शब्द पुन्हा पुन्हा येतोय, तो तिने पकडला. चांगुणा. चांगुणा. म्हातारी बोलता बोलता हाताने काहीतरी निवडून टोपलीत टाकल्यासारखं करत होती. ती खूण तेजलने आपल्या आईच्या हातात रोज पाहिली होती. तिने आईला, लताबाईला, फोन लावला. शेडमध्ये यंत्रांचा आवाज. रिंग वाजून वाजून बंद झाली.

दांडकंवाला पुढे सरकला.

मित्रांनो, मी शिक्का आहे. मला हृदय नाही, रबर आहे. पण ते त्या वेळी आक्रसलं, एवढं सांगतो. तेजलने ओरडून सांगितलं असतं की हे सगळं खोटं आहे, तर तिलाच बाजूला ढकललं असतं. ती म्हणाली, "काका, मलापण भीती वाटतेय. आमच्या आळीत लहान पोरं आहेत. दाखवा ना, काय आलंय ते."

घाबरलेल्या माणसाला आपली भीती दाखवायला आवडते. गोरक्षकाकांनी एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने व्हिडिओ लावला. सगळे वाकले. कुठल्याशा बसस्टँडवर लोकांनी दोन बायकांना घेरलं होतं. तेजलने तो दोनदा बघितला. तिसऱ्यांदा म्हणाली, "काका, हे लोक मफलर गुंडाळून का उभे आहेत?"

"म्हंजे?"

"म्हणजे आज आपल्याकडे इतकं ऊन आहे. तुम्ही बनियनवर आहात. यांनी स्वेटर घातलेत, त्या माणसाने कानटोपी घातलीय."

"अगं बया, खरंच की," मागून एक बाई म्हणाली. "लय थंडी पडल्याली दिसती हितं."

कोणीतरी खुदकन हसलं. दांडकंवाला दांडकं खाली टेकवून वाकून बघू लागला.

"आणि ती पाटी?" तेजल म्हणाली. "ही आपली लिपी नाही. तुम्हाला वाचता येते का कोणाला?"

कोणालाच येत नव्हती. गोरक्षकाका मात्र हटले नाहीत. इतक्या लोकांसमोर हटणं सोपं नसतं. "व्हिडिओचं सोड," ते म्हणाले. "त्याच्याखाली कागद आलाय. त्याच्यावर गोल शिक्का हाय. सरकारी. शिक्का काय खोटा असतो?"

तेजलने पिशवीत हात घातला आणि पॅडसकट मला बाहेर काढलं.

"काका, हात द्या."

"कशाला?"

"द्या तरी."

काकांनी मोबाइल शेजारच्याच्या हातात दिला आणि त्यांच्या मोकळ्या हातावर तिने मला टेकवलं. सहादूमामांसारखं आपटलं नाही. हळूच, पण नीट. काकांनी हात उन्हात धरून वाचलं. विद्यापीठाचं नाव, ग्रंथालय, दिवस, महिना.

"शिक्का खरा आहे ना?" तेजलने विचारलं.

"खरा दिसतोय. विद्यापीठाचा हाय."

"साल वाचा."

"दोन हजार एकवीस." काका थांबले. "हॅ! हे तर कवाच गेलं."

"गेलं."

"मग असला शिक्का काय कामाचा?"

"मीपण तेच विचारतेय, काका."

पोर हुंदके देत होतं. गोरक्षकाका कधी तळहाताकडे बघत होते, कधी मोबाइलकडे. त्यांची पकड सैल झाली, पण सुटली नाही.

आणि मग जे झालं ते आपल्याकडेच होऊ शकतं. दांडकंवाल्याने दांडकं झाडाला टेकवलं आणि हात पुढे केला. "माझ्यापण मार." मागून दुसरा म्हणाला, "मला बघू दे, एकवीसच येतं का." फुकटचा शिक्का कोणाला नको असतो? तेजलने एकेकाचा हात धरला आणि मुद्दाम सावकाश मला टेकवत राहिली. पुढच्याला म्हणायची, "ढकलू नका, लायनीत या." बघता बघता गर्दीची रांग झाली. रांगेतल्या माणसाला दगड उचलता येत नाही. नंबर जातो.

तेवढ्यात फोन वाजला. लताबाई होत्या.

"आई, तुझ्या शेडमध्ये चांगुणा म्हणून कोणी आहे का? सुरगाण्याकडची?"

"आहे ना. सकाळपासून वाट बघतीय पोरगी. तिची आई तिच्या पोराला घेऊन यायची होती, भागीबाई म्हणून. का गं?"

तेजलने फोनचा आवाज मोठा केला. "दे तिला फोन."

काही क्षण यंत्रांची घरघर. मग एक तरुण आवाज, दमलेला. "मंगळू? ए मंगळू!"

पोराचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तो मोबाइलकडे बघायला लागला.

"कशावरून ही आईच हाय?" गोरक्षकाका म्हणाले.

तेजलने चमकून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं, सुमन मॅडम तिथे असत्या तर त्यांनी मला त्याच क्षणी काकांच्या स्वाधीन केलं असतं. माणूस पाव तासात एवढा शिकला होता.

उत्तर मंगळूने दिलं. त्याने दंड सोडवून घेतला, तेजलच्या हातातला फोन ओढला आणि काचेला तोंड लावून त्याच्या बोलीत आईला सगळी तक्रार सांगितली. शब्द कोणालाच कळले नाहीत. एक बोट मात्र तो सारखं गोरक्षकाकांकडे दाखवत होता. काकांनी मान खाली घातली.

रांग हळूहळू मोडली. कोणी घड्याळ बघितलं, कोणाला म्हशीचं पाणी आठवलं. शूटिंग करणाऱ्यांनी मोबाइल खिशात घातले. पोलिसांची गाडी आली तेव्हा काका चहा करत होते.

गोष्ट इथे संपली असती, मित्रांनो, तर मी तुम्हाला ती सांगितली नसती. असल्या कामगिऱ्या शिक्क्याने आपल्या तोंडाने सांगू नयेत.

माणसं पांगल्यावर भागीबाई झाडापासून पुढे आली. लुगडं नीट केलं. तेजलसमोर उभी राहिली आणि तिने आपला हात पुढे केला. तळवा वर, बोटं ताठ. तिने सगळ्यांना हातावर शिक्का मारून घेताना पाहिलं होतं. तिला वाटलं, या गावातून पुढे जायचं तर हा लागत असेल.

तेजलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने मला घाईघाईने पिशवीत टाकलं. "नाही आजी, तुम्हाला नाही लागत." भागीबाईला ते समजलं नाही. हात तसाच पुढे राहिला. एवढी वर्षं हजारो कागदांवर मी बसलो, पण त्या हातावर बसावं असं मला वाटलं नाही. तेजलने मंगळूला जवळ बोलावलं आणि त्याचा हात त्या उघड्या तळव्यात दिला. तेव्हा कुठे म्हातारीची बोटं मिटली. गोरक्षकाका चहाचे दोन ग्लास घेऊन मागे उभे होते. तो चहा तसाच निवला.

पुढच्या शुक्रवारी तेजलने हे सगळं वाचनकक्षात सांगितलं. सहादूमामा दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, मेन रोडवर याचा पट्टा बदलून मिळेल. नवी सालं घालून आणू का?"

"नको," सुमन मॅडम म्हणाल्या. "तो बरोबर झाला तर शिकवणार कशाने?"

म्हणून मी अजून चुकीचाच आहे. गोरक्षकाका, असं ऐकतो, आता गावाच्या ग्रुपवर काहीही आलं की खाली एकच शब्द लिहितात, 'तारीख?' परवा कोणीतरी सुप्रभात म्हणून गुलाबाचं फूल पाठवलं, त्याच्याखालीही त्यांनी विचारलं. लोक वैतागले आहेत, पण मफलरवाला व्हिडिओ पुन्हा आला तेव्हा तो पुढे कोणी ढकलला नाही.

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तूने शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणून सांगायचं असतं. माझी काळजी मामा घेतात, पॅडला शाई आहे, तक्रार नाही. तुमच्या फाट्यावर उद्या कोणी अनोळखी माणूस उतरेल. त्याची बोली तुम्हाला समजणार नाही, आणि खिशातला मोबाइल तुम्हाला काहीतरी सांगत असेल. तेव्हा एवढंच करा. मोबाइलला तारीख विचारा, आणि त्या माणसाला पाणी विचारा. त्याला हात पुढे करून शिक्का मागावा लागला, तर साल कुठलंही असो, तो दिवस चुकीचाच.